असभ्य कोणास म्हणावे?

काही वर्षांपूर्वी आमच्या वडील बंधूंच्या दुखण्यानिमित्त आम्हांस पुण्यातील एका रुग्णालयात अकरा दिवस राहावे लागले. शेजारच्या खाटेवर सोमालिया देशातून औषधोपचारासाठी आणलेले एक वृद्ध गृहस्थ होते, आणि त्यांच्या शुश्रूषेस पुण्यातच महाविद्यालयात शिकणारा त्यांचा पुतण्या रात्रंदिवस बसून असे. पहिल्याच दिवशी त्या तरुणाने आम्हांस मोडक्या हिंदीत म्हटले, “चाचा, पाणी दे.” तांब्या आमच्या बाजूस होता हे खरे. दुसऱ्या दिवशी, “चाचा, खिडकी लाव.” तिसऱ्या दिवशी, “चाचा, मी खाली जातो, याच्याकडे पाहा.” ‘जरा’ नाही, ‘कृपा करून’ नाही, काम झाल्यावर आभाराचा एक शब्दही नाही.

आम्ही पाळक आहोत. गावोगावच्या मंडळ्यांत आमच्याशी लोक हात जोडून बोलतात, व ती सवय मनुष्यास नकळत लागते. तेव्हा तिसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही त्या तरुणास बाजूस घेऊन, अगदी मृदू शब्दांत, समज दिली की बाळा, वडील माणसांस अशी आज्ञा करू नये. मागावयाचे ते विनंतीने मागावे. त्याने मान खाली घालून सर्व ऐकून घेतले. चौथ्या दिवसापासून तो दर वाक्यास ‘प्लीज’ म्हणू लागला. आमचा उपदेश फळास आला म्हणून आम्ही मनात संतोष मानला. परंतु त्याच दिवसापासून आम्ही त्याचे ‘चाचा’ राहिलो नाही, आम्ही ‘सर’ झालो. पूर्वी तो आपल्या डब्यातील अर्धी भाकरी व खजूर न विचारता आमच्या बंधूंच्या ताटलीत ठेवीत असे, आता तो डबा हाती धरून उभा राही व विचारी, “सर, प्लीज, घ्याल काय?” आणि आम्हीही त्याच रीतीने, “नको, आभारी आहे,” असे म्हणू.

आपण काय मिळविले व काय गमाविले, हे ध्यानात येण्यास आम्हांस आणखी दोन दिवस लागले.

त्या प्रसंगानंतर आम्ही सोमाली लोकांविषयी जे हाती लागले ते वाचीत गेलो. हे लोक आपल्यास वाटतात तितके परके नाहीत. त्यांच्या देशाचा उत्तरेकडील किनारा इंग्रजांच्या हाती १८८४ साली गेला, तेव्हा त्याचा कारभार एडन बंदरातून चाले, आणि एडन हे त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. १८९८ सालापर्यंत तो प्रदेश हिंदुस्थान सरकारच्याच देखरेखीखाली होता, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे तेथील बाजारात आपला रुपया चालत असे. पावास ते आजही ‘रोती’ म्हणतात व चहात वेलदोडा घालतात. पुढे १९९१ च्या जानेवारीत सियाद बर्रे यांची राजवट कोसळली, कुळाकुळांत यादवी माजली, आणि लक्षावधी लोक देशोधडीस लागले. कित्येक केनियातील ददाब येथील छावण्यांत वर्षानुवर्षे राहिले. तेथून कोणी अमेरिकेच्या मिनेसोटा प्रांतात, कोणी कॅनडात, कोणी लंडनला, कोणी स्वीडन व नॉर्वे ह्या हिमाच्या देशांत जाऊन वसले. जेथे जेथे ते गेले तेथे तेथे यजमान लोकांच्या तोंडी एक तक्रार ऐकू येते: हे लोक चांगले कष्टाळू आहेत, पण बोलण्याची रीत नाही; ‘प्लीज’ नाही, ‘थँक यू’ नाही. आमचीही तक्रार हीच होती.

आता त्यांच्या भाषेत विनंतीचा शब्दच नाही असे नव्हे. ‘फद्लन’ असा एक शब्द आहे. तो अरबीतून आला, व आपल्या ‘फाजील’ शब्दाचाच तो दूरचा भाऊ आहे. मूळ अर्थ औदार्य, विपुलता असा. परंतु हा शब्द जाहीर सूचनेत, परक्या मनुष्यापाशी वा सरकारी कामात शोभतो. घरात, मित्रांत, ओळखीच्यांत तो कोणी फारसा उच्चारीत नाही. तेथे सरळ क्रियापद येते: दे, आण, बस, ऐक. वाचकहो, क्षणभर आपल्या घराकडे पाहा. आपल्या भाषेत ‘कृपया’ हा शब्द आहे, पण तो आपण कोठे वाचतो? रेल्वेच्या फलाटावर व कचेरीच्या भिंतीवर. जेवावयास बसलेला मुलगा आईस “कृपया भाकरी वाढा” असे म्हणेल, तर ती माउली त्याच्या कपाळास हात लावून ताप पाहील. आम्हांस हे ठाऊक होते. तरी शेजारच्या खाटेवरील परक्याने घरच्यासारखे मागितले तेव्हा आम्हांस त्यात घर दिसले नाही, उद्धटपणा दिसला.

ह्याहून विशेष म्हणजे त्यांच्या संबोधनाची रीत. सोमाली मनुष्य रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसासही ‘वलाल’ म्हणतो, म्हणजे भावा किंवा बहिणी. वयाने वडील असेल त्यास ‘अदेर’, म्हणजे चुलता. स्त्री असेल तर ‘एद्दो’, म्हणजे आत्या. आणि हे नाते दोन्हीकडून एकाच शब्दाने बोलतात, ही त्यातील मोठी गोड गोष्ट होय. पुतण्या चुलत्यास ‘अदेर’ म्हणतो, आणि चुलताही पुतण्यास ‘अदेर’च म्हणतो. ‘होयो’ म्हणजे आई. परंतु आई आपल्या लेकरास हाक मारते तीही ‘होयो’ अशीच. (आपल्याकडे बाप लहान मुलास ‘अरे बाबा’ म्हणतो, तसेच काहीसे.) तो तरुण आम्हांस ‘चाचा’ म्हणत होता ते हिंदी चित्रपटांतून शिकलेले असेल असे आम्हांस वाटले होते. वस्तुतः तो आपला ‘अदेर’ आमच्या भाषेत आणीत होता. त्याने आम्हांस आधी चुलता केले, आणि मग चुलत्याजवळ मागावे तसे पाणी मागितले.

तर मग विनयाचे हे दोन प्रकार झाले, आणि ह्या दोहोंत श्रेष्ठ कोणता हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस सोडीना. इंग्रजी चालीच्या ‘प्लीज’ची आम्ही थट्टा करणार नाही. त्या शब्दाच्या पोटी एक मोठा सद्गुण आहे. मागणारा म्हणतो की मी मागतो खरे, पण तुला नाही म्हणण्याची मोकळीक आहे. तू माझा बांधलेला नाहीस. अनोळखी माणसांनी भरलेल्या शहरात एकाने दुसऱ्याच्या स्वातंत्र्यास असा मान द्यावा हे काही थोडे नव्हे. ज्यांच्या वाडवडिलांस पिढ्यान्‌पिढ्या केवळ आज्ञाच ऐकाव्या लागल्या, ज्यांस ‘ए’ म्हणून हाक मारण्यात आली, त्या आमच्या वाचकांस तरी ह्याचे मोल सांगावयास नको. उलट सोमाली रीतीच्या पोटी दुसरा सद्गुण आहे. तेथे मागणारा म्हणतो की तू व मी एकमेकांस बांधलेलेच आहोत. आज मी मागतो, उद्या तू माग. मध्ये आभाराची पावती फाडण्याचे कारण नाही.

दोहोंस दोष आहेतच. पहिली रीत थंड पडू शकते: तोंडाने आर्जव, व दार मात्र बंद. दुसरीत मनुष्याचा जीव गुदमरू शकतो. मिनीआपोलिस किंवा लंडन येथे मोटार हाकणाऱ्या अथवा इस्पितळात झाडलोट करणाऱ्या सोमाली मनुष्यास मध्यरात्री मोगादिशूहून किंवा छावणीतून दूरध्वनी येतो, आणि मावसभाऊ म्हणतो, पैसे पाठव. ‘कृपा करून’ नाही, कारण हक्क आहे. तो पाठवितो. परदेशी राहणारे सोमाली दरवर्षी मायदेशी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम धाडतात, आणि ती बहुतेक हवाल्याच्या पेढ्यांतून, म्हणजे जुन्या हुंडीसारख्या विश्वासाच्या व्यवहारातून जाते. दुष्काळाच्या वर्षांत कित्येक घरांच्या चुली ह्याच पैशावर पेटल्या. परंतु पाठविणारा स्वतःचे भाडे थकवितो, शिक्षण सोडतो, व ‘नाही’ हा शब्द त्यास उच्चारताच येत नाही. ज्या रीतीत नकारास जागाच नाही तीत प्रेमाचे ओझे होते, हे आम्ही आपल्या गावांतही पाहिले आहे. तेव्हा एक रीत शुद्ध सोने व दुसरी पितळ, असा निवाडा करण्यास आम्ही तयार नाही.

मग ज्याला आपण असभ्यपणा म्हणतो तो कोठे उत्पन्न होतो? बहुतेक वेळा तो कोणाच्याही मनात नसतो. तो दोन रीतींच्या मधल्या जागेत उगवतो.

भेटीचा पहिला शब्दच घ्या. सोमाली मनुष्य भेटतो तेव्हा विचारतो, “इस्का वर्रन?” म्हणजे, तुझी वार्ता सांग. किंवा, “मा नबद बा?” म्हणजे, शांतता आहे ना? हे उंटशेळ्या घेऊन पाण्यामागे फिरणारे लोक. विहिरीवर भेटलेल्या वाटसरूजवळ पाऊस कोठे पडला, गवत कोठे आहे, कोणत्या कुळाचे कोणाशी भांडण पेटले, ह्याची वार्ता असे, आणि त्या वार्तेवर जनावरांचे व माणसांचे प्राण अवलंबून असत. म्हणून विचारणारा थांबतो व ऐकतो. अमेरिकेत मात्र “कसे आहात?” असे म्हणून मनुष्य चालू लागतो; उत्तराची वाट पाहणे हेच तेथे चमत्कारिक. विचारले आणि पाठ फिरविली, ह्याहून मोठा अनादर नव्या आलेल्या सोमाली मनुष्यास दुसरा वाटत नाही, आणि विचारणाऱ्याच्या मनात तर सद्भावच असतो.

एक बोट वाकवून कोणास जवळ बोलाविणे त्यांच्यात कुत्र्यास बोलाविण्यासारखे मानतात. शाळेतील शिक्षिका मात्र हसून तसेच बोलाविते. वडील माणूस रागे भरत असता मुलाने दृष्टी खाली ठेवावी हा त्यांचा आदर. शिक्षिका म्हणते, “मी बोलते आहे, माझ्याकडे पाहा,” आणि मुलाच्या दप्तरी उर्मटपणाची नोंद होते. डॉक्टर तान्ह्या मुलास हातात घेऊन कौतुकाने म्हणतो, काय गुटगुटीत बाळ आहे! आणि त्या आईचा चेहरा उतरतो, कारण ‘माशाअल्ला’ म्हटल्यावाचून केलेल्या स्तुतीने दृष्ट लागते असे तिला वाटते. आमच्या वाचक भगिनींस त्या आईचे मन समजावून सांगावयास नको. तीट लावणारे हात आपल्याही घरांत आहेत.

उलट आपल्यास जे क्रूर वाटेल ते त्यांच्यात सहज चालते. सोमाली लोकांत ज्याला त्याला टोपणनाव असते व ते बहुधा शरीराच्या व्यंगावरून किंवा खोडीवरून पडते: लंगडा, उंच, ठेंगू, मोठ्या तोंडाचा. वर सांगितलेल्या सियाद बर्रे यांस लोक ‘अफवेने’, म्हणजे मोठ्या तोंडाचा, असे म्हणत. २०१७ ते २०२२ पर्यंत राष्ट्राध्यक्ष असलेल्या गृहस्थांस सारे जग ‘फर्माजो’ ह्याच नावाने ओळखी, व तो शब्द पनीरासाठी असलेल्या इटालियन शब्दावरून आला आहे. हे नाव तोंडावर घेतात, व ज्याचे त्यास त्याचे काही वाटत नाही. अमेरिकेतील कारखान्यात एकाने दुसऱ्यास ‘लंगड्या’ म्हणून हाक मारली तर मात्र वरिष्ठांकडे तक्रार जाईल.

आणि कधी कधी दोन रीती अगदी अनपेक्षितपणे जुळतात. सोमाली घरी पाहुण्याने पहिल्याने नको म्हणावे, यजमानाने आग्रह करावा, पुन्हा नको, पुन्हा आग्रह, अशी चाल आहे; आपल्या पंगतीतील आग्रह आठवा. आता जेथे सोमाली लोकांची अमेरिकेतील सर्वांत मोठी वसती झाली त्या मिनेसोटा प्रांतातील जुने रहिवासी म्हणजे बहुतांशी नॉर्वे, स्वीडन व जर्मनीहून आलेल्यांचे वंशज. त्यांच्यातही हीच चाल! हॉवर्ड मोहर नावाच्या तिकडच्याच लेखकाने १९८७ साली मिनेसोटाच्या बोलण्याचालण्यावर एक विनोदी पुस्तक लिहिले, त्यात तेथील मनुष्य तिसऱ्या आग्रहाशिवाय काही स्वीकारीत नाही, असे त्याने गमतीने दाखविले आहे. तेव्हा नॉर्वेजियन वंशाची आजी व सोमाली आजी एका टेबलाशी बसल्या आणि मध्ये एकच वडी उरली, तर ती वडी रात्रीपर्यंत तशीच राहील, असे आम्हांस वाटते.

येथे कोणी समंजस वाचक विचारील की, पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत शिकू नये काय? शिकावी, असेच आमचे उत्तर आहे. ज्या गावात आपण पोट भरतो त्या गावची भाषा न शिकणे हा आळस आहे, आणि शिष्टाचार हीही एक भाषाच होय. सोमाली तरुण ती झपाट्याने शिकतातही. कित्येकांची मुले घरी आईशी एका रीतीने व शाळेत दुसऱ्या रीतीने बोलतात, व त्यांस त्यात अडचण वाटत नाही. अडचण येते ती जेथे शिष्टाचार संपून मनुष्याची सदसद्विवेकबुद्धी सुरू होते तेथे. ह्याचे दोन दाखले आम्ही देतो, व दोहोंत आमचे मत सारखे नाही.

२००७ साली मिनीआपोलिसच्या विमानतळावर भाड्याच्या मोटारी हाकणाऱ्यांत बहुसंख्य सोमाली होते, व त्यांतील कित्येकांनी उघड दारूची बाटली बाळगणारा उतारू घेण्याचे नाकारले. विमानतळाच्या अधिकारी मंडळाने ठरविले की असा नकार देईल त्याचा परवाना प्रथम ३० दिवस व पुन्हा केल्यास २ वर्षे बंद राहील. दारूचा संसार आम्ही गावांत डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून त्या हाकणाऱ्यांविषयी आमच्या मनात ओलावा आहे. तरी आमचे मत असे की सार्वजनिक वाहन हाती घेणाऱ्याने उतारूची पिशवी तपासू नये. दाराशी उभा असलेला मनुष्य आधी नेण्याजोगा आहे, मग त्याच्या पिशवीत काहीही असो.

दुसरा दाखला स्वीडनचा. तेथे एका मुसलमान तरुणीने नोकरीच्या मुलाखतीत पुरुषाशी हस्तांदोलन न करता आपला हात छातीवर ठेवून नमस्कार केला, व मुलाखत तेथेच संपविण्यात आली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तेथील मजूर न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला व ४०,००० क्रोनर भरपाई देवविली. अनेक सोमाली स्त्रियाही अशाच छातीवर हात ठेवून अभिवादन करितात. हात मिळविणे व छातीवर हात ठेवणे ह्यांत कमी आदराचे कोणते? आम्ही हात जोडणारे लोक. आम्हांस तरी त्या तरुणीचा काही अपराध दिसत नाही. तिने रीत मोडली, आदर मोडला नाही.

परंतु हे सारे सांगितल्यावरही एक गोष्ट उरते, आणि तीच आम्हांस सर्वांत जड वाटते. गैरसमज दोन्हीकडून होतात हे खरे. त्यांची किंमत मात्र दोन्हीकडे सारखी पडत नाही. यजमानाने पाहुण्याची रीत ओळखली नाही तर पाहुण्याचे मन दुखते. पाहुण्याने यजमानाची रीत ओळखली नाही तर त्याची नोकरी जाते, मुलाची शाळा जाते, कधी त्याहूनही अधिक जाते. म्हणून समजून घेण्याचे कर्तव्य दोघांवर असले तरी समसमान नाही. ज्याच्या हाती शिक्षा करण्याची शक्ती आहे त्याच्यावर ते अधिक आहे.

मेन प्रांतातील लुइस्टन हे सुमारे ३६ हजार वस्तीचे जुने गिरणगाव. २००१ पासून वर्षदीड वर्षात तेथे हजारभर सोमाली येऊन राहिले. २००२ च्या ऑक्टोबरात महापौर रेमंड ह्यांनी सोमाली वडीलधाऱ्यांस उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. त्यात शिवी नव्हती, अपशब्द नव्हता. शहराची शक्ती संपली आहे, तेव्हा आपल्या लोकांस येण्यापासून आवरा, अशी विनंती होती. विनंतीच, आज्ञा नव्हे! ज्यांनी ती वाचली त्यांच्या काळजास घरे पडली. सोमाली वडीलधाऱ्यांनीही पत्रानेच उत्तर दिले व आपले दुःख सांगितले. पुढील जानेवारीत गोऱ्या रंगाचा अभिमान मिरविणाऱ्या एका टोळीने त्या गावी सभा भरविली, तिला काही थोडकी माणसे आली. त्याच दिवशी त्याच गावात सोमाली शेजाऱ्यांच्या बाजूने जमलेले लोक चार हजारांच्या आसपास होते. त्या गावातील पुष्कळांचे आजेपणजे कॅनडातून गिरण्यांत काम करण्यास आलेले फ्रेंच बोलणारे लोक. त्यांच्याही भाषेची हेटाळणी झाली होती, आणि १९१९ साली प्रांताने कायदा करून शाळांतील शिक्षण इंग्रजीतूनच व्हावे असे ठरविले होते. आर्जवी शब्दांत बंद केलेले दार ओळखण्याची विद्या कित्येक घरांत आजीकडून आली असावी.

आता कार्डिफची गोष्ट. वेल्समधील ह्या बंदरात सोमाली खलाशी एकोणिसाव्या शतकापासून राहत आले आहेत. महमूद मत्तान हा त्यांपैकी एक; ब्रिटिश सोमालीलँडात जन्मलेला, वेल्श बायको केलेला, तीन मुलांचा बाप. १९५२ च्या मार्चमध्ये एका दुकानदार स्त्रीचा खून झाला व पोलिसांनी मत्तान ह्यास धरले. त्यास इंग्रजी जेमतेम येई. दुभाषी देण्यात आला नाही. त्याच्या स्वतःच्या वकिलाने पंचांपुढे भाषण करिताना आपल्या अशिलाचे वर्णन अर्धे निसर्गाचे लेकरू व अर्धा रानटी अशा अर्थाच्या शब्दांत केले. ज्याने त्याची बाजू मांडावयाची तोच असे म्हणाला! ३ सप्टेंबर १९५२ रोजी त्यास फाशी देण्यात आले. त्याची पत्नी भेटीसाठी तुरुंगाच्या दाराशी गेली तेव्हा तेथे लावलेल्या कागदावरून तिला ते कळले. साक्षीदाराच्या जबानीतील महत्त्वाच्या गोष्टी पंचांपुढे आल्याच नव्हत्या, हे पुढे उघड झाले, व १९९८ साली अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. केवळ शिष्टाचाराच्या गैरसमजाने तो फासावर गेला असे आम्ही म्हणत नाही. खोटी साक्ष व वर्णद्वेष हीच मुख्य कारणे. परंतु पंचांस त्याच्या बोलण्यात जो ‘रानटी’ ऐकू आला, तो त्यांच्या कानांतच बसलेला होता. कोणास असभ्य ठरविणे हे किती हलके काम वाटते, आणि त्याच्या शेवटास काय असू शकते!

ह्या प्रकरणात क्षमा कशी मागितली गेली हेही पाहण्यासारखे आहे. २००१ साली सरकारने त्या कुटुंबास सव्वासात लाख पौंडांची भरपाई दिली. पोलिसांनी ‘आम्हांस क्षमा करा’ हे शब्द उच्चारले ते २०२२ च्या सप्टेंबरात, फाशीनंतर ७० वर्षांनी. तोवर त्याची पत्नी निवर्तली होती. ते शब्द नातवंडांच्या वाट्यास आले. पैसे आधी व शब्द एकवीस वर्षांनी.

सोमाली लोकांत क्षमा मागण्याचे जे नित्याचे शब्द आहेत त्यांचा अर्थ ‘मला वाईट वाटते’ असा होत नाही. ते म्हणतात, “राल्ली अहो.” हा ‘राल्ली’ म्हणजे आपला ‘राजी’च, दोन्ही एकाच अरबी शब्दापासून निघाले. तू राजी हो, तुझे समाधान होऊ दे. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते येथे मुख्य नाही. दुखावलेला राजी झाला की नाही हे मुख्य. आणि त्यांच्या कुळधर्मात, ज्यास ते ‘हेर’ म्हणतात, अपमानासाठी भरून द्यावयाची वस्तूही ठरलेली असते. तिला ‘हाल’ म्हणतात. नुसत्या शब्दाने मान परत येत नाही. काही तरी उचलून द्यावे लागते. शब्दांस तुच्छ लेखणारे हे लोक नव्हेत. त्यांच्या भाषेस सरकारी लिपी १९७२ साली मिळाली. तोपर्यंत त्यांचे सारे काव्य, तह व तंटे मुखोद्गतच असत, आणि एका कवितेने वैर पेटे वा विझे. शब्दाचे वजन ठाऊक असल्यामुळेच तो एकटा पुरत नाही हेही त्यांस ठाऊक आहे.

त्या वेळी रुग्णालयात आम्हांस ह्यांतील काहीच माहीत नव्हते. इतकेच कळत होते की आमच्या मृदू उपदेशाने एक मुलगा दूर गेला आहे, आणि ‘सॉरी’ म्हटल्याने तो जवळ येणार नाही. ते म्हटले असते तर त्याने नम्रपणे ‘इट्स ओके, सर’ म्हटले असते. दहाव्या दिवशी त्या वृद्ध गृहस्थांस घरी जाण्याची परवानगी मिळाली. सामान पुष्कळ होते, उद्वाहक बंद पडला होता, आणि चुलत्यास धरून तीन जिने उतरावयाचे होते. तो तरुण आमच्याकडे पाहून काही तरी बोलण्याच्या बेतात होता. ‘सर, प्लीज’ इतके त्याच्या ओठांवर दिसत होते. आम्ही त्यास बोलू दिले नाही. त्याची मोठी पिशवी उचलून खांद्यावर टाकली व दाराकडे वळलो. तो क्षणभर उभा राहिला. मग मागून आवाज आला, “चाचा, ती दुसरीही घे.”